दोघांचे गाणे

१९७५च्या जूनमध्ये, १० ते १३ तारखांना, कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात फॅन्टसी कंपनीच्या स्टुडिओत एक गायक आणि एक पियानोवादक एकत्र आले आणि चार दिवसांत नऊ गाणी ध्वनिमुद्रित करून गेले. ड्रम नाहीत, बास नाही, व्हायोलिनांचा ताफा नाही. गळा आणि पियानो, एवढेच. सगळी गाणी मिळून पस्तीसेक मिनिटांची. त्याच वर्षी तबकडी बाजारात आली आणि तिच्या नावातच दोघांची नावे शेजारी शेजारी होती : 'द टोनी बेनेट / बिल एव्हान्स आल्बम'. जॅझमध्ये गायक आणि पियानोवादक यांनी जोडीने केलेली ध्वनिमुद्रणे पुष्कळ आहेत. त्यांत मी हिला सगळ्यांत वर ठेवतो.

ही पुस्तिका या तबकडीविषयी आहे आणि ती जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतल्या ऐकणाऱ्यांसाठी लिहिली आहे. भजनी मंडळात पेटी धरणारे, शाळांतले संगीतशिक्षक, लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारी पोरे, तमाशाच्या फडात उभे आयुष्य काढलेले मास्तर, आणि यांतले काहीच नसलेली पण रात्र रात्र जागून गाणे ऐकलेली माणसे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. जॅझशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. गाणारा आणि पट्ट्या दाबणारा, या दोघांच्या नात्यावर ज्या मुलखात कित्येक पिढ्या गाणे उभे आहे, तिथे ही तबकडी परकी वाटायचे कारण नाही. उलट तिच्यात काय चालले आहे ते इथल्या कानांना पुण्या-मुंबईच्या पुष्कळ कानांपेक्षा लवकर कळेल, असा माझा विश्वास आहे. त्या विश्वासापोटीच हा खटाटोप.

मीना नदीकाठच्या नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे येतात, तारखा जुळवतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. मग चैत्र-वैशाखभर दोन्ही तालुक्यांत कुठे ना कुठे ढोलकी कडाडत असते. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड याच गावचा, आणि त्या घरातल्या विठाबाईंनी गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. १९३५ साली पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई २००२च्या जानेवारीत गेल्या. राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो. गण, गवळण, बतावणी, वग या क्रमात लहानपणापासून बसलेल्या माणसाचा कान नकळत तयार होत जातो. कुठे ढोलकी गाण्याला पुढे ढकलते, कुठे झीलकरी सूर उचलून धरतात, कुठे पेटी गप्प बसते, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. पण एखादी गोष्ट बिघडली की तो लगेच मान वळवतो.

आंबेगावातल्या एका यात्रेत पाहिलेली गोष्ट सांगतो. रात्रीचे दोन वाजून गेले होते. धुळीने आणि जागरणाने गायिकेचा आवाज बसत चालला होता. वरच्या सुराला ती नुसता स्पर्श करून परत येत होती. पेटीमास्तरांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. कडवे संपले तसा त्यांनी ढोलकीवाल्याला मानेने इशारा केला. त्याने तोडा घेतला. तेवढ्या अवधीत मास्तर दोन पट्ट्या खाली उतरले, नवा षड्ज धरला आणि तोडा संपेपर्यंत तो असा लांबवला की गायिकेला आपला सूर आयता सापडला. पुढचे कडवे तिने मोकळ्या गळ्याने म्हटले. समोरच्या गर्दीत कोणाला काही कळले नाही. टाळ्या-शिट्ट्या तिला मिळाल्या, आणि त्या तिच्या होत्याच. पण त्या कडव्यात अर्धा वाटा ज्याचा होता तो माणूस डाव्या हाताने भाता हलवत खाली मान घालून पुढच्या लावणीच्या तयारीला लागला होता.

त्या माणसाचे नाव मला माहीत नाही. फलकावर ते नव्हते. आपल्याकडे फडांना जोडीची नावे देण्याची चांगली रीत आहे. नारायणगावचे भाऊ-बापू, कवलापूरचे काळू-बाळू, दत्ता महाडिक आणि गुलाब बोरगावकर. लोक ही नावे एका दमात घेतात. पण गायिका आणि तिचा पेटीमास्तर अशी जोडी फलकावर लागलेली माझ्या पाहण्यात नाही. बर्कलीच्या तबकडीकडे माझे लक्ष पहिल्यांदा गेले ते यामुळे. तिथे गाणाऱ्याच्या नावाला लागूनच वाजवणाऱ्याचे नाव आहे. नऊ गाणी ऐकून झाली की ते तसे का आहे हे पटते.

दोन्ही नावांची थोडी ओळख करून देतो.

टोनी बेनेट यांचे मूळ नाव अँथनी डॉमिनिक बेनेडेट्टो. जन्म ३ ऑगस्ट १९२६, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या अॅस्टोरियात, इटलीहून आलेल्या कुटुंबात. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनीत पायदळात लढले. परत आल्यावर सैनिकांसाठी असलेल्या सवलतीतून त्यांनी गाण्याचे शिक्षण घेतले. तिथल्या त्यांच्या गुरू मिमी स्पीअर यांनी त्यांना एक गोष्ट बजावली : दुसऱ्या गायकांची नक्कल करू नकोस, वादकांकडून शिक. बेनेट यांनी हा उपदेश जन्मभर सांगितला आणि पाळला. पियानोवर आर्ट टेटम स्वरांचे वाक्य कसे तोडतो, सॅक्सोफोनवर स्टॅन गेट्झ श्वास कुठे घेतो, हे ऐकून त्यांनी आपली गायकी घडवली.

आपल्याकडे हा प्रवास बहुधा उलट दिशेने होतो. गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसले आणि बुवांची गायकी त्यांच्या बोटांत उतरली. पेटीवर 'गायकी अंगाने' वाजवणे हा आपल्याकडचा मोठा मान. बेनेट वादकाच्या अंगाने गायला शिकले. म्हणून पुढे एव्हान्ससारखा वादक समोर आला तेव्हा त्यांना त्याची भाषा आधीच येत होती.

बेनेट यांचे सर्वांत गाजलेले गाणे सॅन फ्रान्सिस्को शहरावरचे, १९६२ सालचे. ते त्यांना मिळवून दिले राल्फ शॅरन यांनी. शॅरन हे बेनेट यांचे वर्षानुवर्षांचे पियानोवादक. कोणी तरी दिलेले त्या गाण्याचे कागद त्यांनी कपाटाच्या खणात टाकून ठेवले होते. दौऱ्यावर निघताना सामान भरता भरता ते हाती लागले. त्या दौऱ्यात सॅन फ्रान्सिस्कोचा मुक्काम होता, म्हणून त्यांनी ते बरोबर घेतले. गाणे जगभर गेले, बेनेट यांची ओळख झाले. शॅरन यांचे नाव जॅझच्या जाणकारांपलीकडे फारसे कोणी घेत नाही. पेटीमास्तरांची गत तिकडेही फार वेगळी नाही, हे सांगण्यासाठी मी शॅरन यांना मुद्दाम इथे आणले.

बिल एव्हान्स १६ ऑगस्ट १९२९ रोजी न्यू जर्सीत जन्मले. १९५८मध्ये काही महिने ते माइल्स डेव्हिस यांच्या ताफ्यात होते, आणि १९५९ साली त्यांच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीवर वाजवायला परत गेले. ती तबकडी जॅझमध्ये सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या तबकड्यांपैकी आहे. मग त्यांनी आपले त्रिकूट काढले : पियानो एव्हान्स यांचा, बास स्कॉट लाफारो यांचा, ड्रम पॉल मोशन यांचे. तोवर अशा त्रिकुटात पियानो पुढे आणि बाकीचे दोघे मागे, अशी वहिवाट होती. एव्हान्स यांनी ती मोडली. तिघेही एकमेकांचे ऐकत, एकमेकांना उत्तरे देत वाजवू लागले. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात त्यांचे वादन ध्वनिमुद्रित झाले, आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेले. पंचवीस वर्षांचे होते. एव्हान्स कित्येक महिने पियानोकडे फिरकले नाहीत. पुढची वर्षे व्यसनाने पोखरलेली. तरी बोटांतली ऐकण्याची वृत्ती कधी गेली नाही. पट्ट्यांवर कपाळ टेकेल इतके वाकून बसायची त्यांची सवय छायाचित्रांतून प्रसिद्ध आहे.

१९७५ साली दोघांचेही दिवस साधे नव्हते. रॉक संगीताच्या लाटेत बेनेट यांना त्यांच्या जुन्या कंपनीने चालू काळातली लोकप्रिय गाणी गायला लावले होते. ते त्यांना मानवले नाही, आणि दशकाच्या सुरुवातीलाच ते कंपनीतून बाहेर पडले. एव्हान्स फॅन्टसीसाठी वाजवत होते, त्यांच्या व्यवस्थापक हेलन कीन या तबकडीच्या निर्मात्या झाल्या. मोठमोठ्या वाद्यवृंदांपुढे उभे राहून गाणारा गायक आणि त्रिकुटात रमणारा वादक. दोघांनीही आपापला आधार बाहेर ठेवून यायचे, असा हा बेत होता.

आता मूळ गोष्टीकडे येतो, म्हणजे पट्ट्यांच्या वाद्याकडे.

पेटी युरोपातून आली. तिचे सूर पट्ट्यांना बांधलेले. दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिला दाखवता येत नाही, मींड नाही, श्रुतींचे बारकावे नाहीत, असा आक्षेप जाणकारांनी घेतला आणि तो इतका टोकाला गेला की १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती थोडी सैल व्हायला १९७१ उजाडले. एवढ्या काळात गावोगावच्या भजनात, कीर्तनात, तमाशात, संगीत नाटकात पेटी वाजतच राहिली, कारण गाणाऱ्याला ती हवी होती. मींड नसेना का, भाता हलतो तोवर सूर टिकतो. गळा थकला, श्वास संपला, तरी मागे सूर उभा असतो. गाणारा जिथे थांबतो तिथून पेटी पुढे जाते, त्याने घेतलेली जागा पुन्हा म्हणून दाखवते, आणि तो परत येईपर्यंत घर राखते.

पियानोचे बरोबर उलटे आहे. पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर पडते, आणि सूर जन्मल्या क्षणापासून विझायला लागतो. तो लांबवता येत नाही. म्हणजे पियानोवादकाला गायकामागे पेटीसारखी सलग रेघ ओढता येत नाही. त्याला सुरांच्या मधल्या रिकाम्या जागांचा विचार करावाच लागतो. कमी सूर वाजवणारा पियानोवादक गायकाला एकटे पाडू शकतो. जास्त वाजवणारा त्याला गुदमरवतो. या दोहोंच्या मधली वाट किती अरुंद आहे, ते या तबकडीवर ऐकायचे.

दुसरा फरक याहून मोठा आहे. गळा बसण्यासारखा प्रसंग सोडला तर आपल्याकडे षड्ज एकदा लागला की लागला. गाणारा त्याच्याभोवती हिंडतो, पेटीवाला त्याच्या मागून जातो, दोघांच्या पायांखालची जमीन तीच राहते. जॅझमध्ये पियानोवादक ही जमीनच हलवत असतो. गायक एकच सूर लांबवून धरतो, त्याच्याखाली पियानोवर एकाच वेळी वाजणाऱ्या चार-पाच सुरांचा मेळ बदलतो, आणि तोच सूर, गळ्यात जराही न हलता, आधी समाधानाचा वाटतो आणि मग हुरहुरीचा. लांबवलेल्या पंचमाखालून कोणी षड्ज काढून घेतला आणि गाणाऱ्याच्या नकळत तोच पंचम दुसऱ्याच रागातला झाला, अशी कल्पना करा. हे करताना गायकाला दगा होता कामा नये. जमीन हलली पाहिजे, पण गायकाचा पाय घसरता कामा नये. एव्हान्स यांची ख्याती याच कामात होती. पेटी वाजवणाऱ्यांना माझे सांगणे असे, की त्यांच्या वादनात वरची चाल ऐकू नका, ती कोणालाही ऐकू येते. खालचा खर्जही नको. मधल्या बोटांतले सूर ऐका. चाल वर चालू असताना आणि खर्ज खाली असताना मधले एक-दोन सूर एकेक पट्टी सरकत जातात. गाण्याचा रंग तिथे बदलतो.

ही नऊ गाणी मुळात नवी नव्हती. अमेरिकेत नाटकांसाठी आणि चित्रपटांसाठी लिहिलेली शेकडो गाणी अशी आहेत की जी प्रत्येक जॅझ गायकाला आणि वादकाला पाठ असतात. एखादी जुनी लावणी जशी प्रत्येक बारीत म्हटली जाते आणि प्रत्येक गायिकेची वेगळी असते, तसेच हे. गाणे काय आहे हे ऐकणाऱ्याला माहीत असते. आज ते कसे होते एवढ्यासाठीच तो बसलेला असतो.

इथे ढोलकीच्या फडापेक्षा संगीत बारीची आठवण मला जास्त होते. फडात ढोलकी राजा, समोर हजारोंची गर्दी. बारीत गायिका, पेटीमास्तर, तबला-ढोलकी आणि हातभर अंतरावर बसलेले ऐकणारे. बैठकीच्या लावणीत गायिका बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते आणि दर वेळी तिच्यातून वेगळा अर्थ काढते. एकदा रुसवा, एकदा लाडीगोडी, एकदा खरोखरचे दुखणे. अदाकारी म्हणतात ती हीच. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी ही कला अखेरपर्यंत जिवंत ठेवली. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८मध्ये, शंभरी ओलांडून, त्या गेल्या. ओळ तीच, चाल तीच, आणि दर खेपेला पेटीवाल्याने आपला हात तिच्या मनाप्रमाणे बदलायचा. ती रुसली तर पेटी हलकी, ती उसळली तर पेटी भरून. ही सवय ज्याला आहे त्याला बेनेट-एव्हान्स यांचे गाणे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

तबकडी सुरू होते ती 'यंग अँड फूलिश' या गाण्याने. तरुणपणीचा भोळेपणा आता हातात नाही, अशा अर्थाचे १९५५च्या सुमाराचे नाटकातले गाणे. एव्हान्स यांनी ते १९५८ साली, त्यांच्या पहिल्या यशाच्या काळात, एकट्याने आघाडी घेऊन वाजवले होते. त्यांना त्याचा कोपरा न् कोपरा माहीत होता. आता गायक पुढे आहे म्हणताना त्यांनी आपली माहिती आवरती घेतली आहे. बेनेट वाक्याच्या शेवटी श्वास घेतात तेवढ्याच फटीत पियानो काही बोलतो आणि वेळेवर बाजूला होतो.

'सम अदर टाइम' हे माझ्या दृष्टीने या तबकडीचे काळीज. लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी १९४४ सालच्या 'ऑन द टाउन' या नाटकासाठी केलेले. निरोपाचे गाणे आहे. करायचे राहिलेले, बोलायचे राहिलेले पुन्हा कधी तरी होईल, असे एकमेकांना सांगणारी माणसे त्यात आहेत. नाटक युद्धकाळातले, पात्रे एका दिवसाच्या सुट्टीवर आलेले खलाशी, त्यामुळे 'पुन्हा कधी तरी' याचा भरवसा कोणालाच नाही. १९५८च्या त्याच दिवसांत एव्हान्स हे गाणे वाजवायला बसले होते. सुरुवातीचे दोन मेळ डाव्या हाताने आळीपाळीने वाजवता वाजवता त्यांना त्यातूनच काही वेगळे सुचत गेले. मूळ गाणे बाजूला राहिले आणि 'पीस पीस' नावाची एक स्वतंत्र रचना जन्मली. पियानोच्या रसिकांत ती आज त्या गाण्याइतकीच प्रिय आहे. हे माहीत असले म्हणजे १९७५मध्ये तोच वादक त्या गाण्याच्या शब्दांना सामोरा जातो तेव्हा आपण जास्त सावध होऊन ऐकतो. बेनेट यांनीही इथे आवाजाची ताकद दाखवण्याचा मोह टाळला आहे. मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा हा गळा. इथे तो टेबलापलीकडे बसलेल्या माणसाशी बोलतो.

'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही चाल खुद्द एव्हान्स यांची, पुतणीवर केलेली. तीन-तीन मात्रांचा झोका आहे. शब्द नंतर जीन लीज यांनी लिहिले : छोटी मुलगी आपल्या बाहुल्यांच्या राज्यात रमली आहे, एक दिवस मोठी होऊन निघून जाईल, आणि तिची खेळणी मागे राहतील. आपल्याच रचनेत दुसऱ्याच्या मागे बसणे वादकाला अवघड जाते. एव्हान्स यांना ते गेलेले दिसत नाही.

'वुइल बी टुगेदर अगेन' या गाण्याविषयी फार कमी लिहिले जाते आणि मला त्याचे आश्चर्य वाटते. १९४५ सालचे हे गाणे लिहिले फ्रँकी लेन या गायकाने आणि त्याला चाल लावली कार्ल फिशर यांनी. फिशर हे लेन यांचे पियानोवादक. म्हणजे गायक आणि त्याचा साथीदार यांनी मिळून केलेले, पुन्हा भेटू असे म्हणणारे गाणे, तीस वर्षांनी दुसरा गायक आणि दुसरा पियानोवादक मिळून गातात. निवड कोणाची होती आणि त्यामागे हा विचार होता का, या खोलात मी शिरत नाही. ऐकताना मला मात्र चार माणसे दिसतात.

शेवटचे गाणे 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस'. १९६२च्या चित्रपटातले, हेन्री मन्सिनी यांची चाल, दारूने उद्ध्वस्त झालेल्या एका जोडप्याची कथा. बाकीची गाणी वाचकाने आपापली ऐकावीत. त्यांतले 'व्हेन इन रोम' खेळकर आहे, इतर गाण्यांच्या संथपणानंतर त्याने हुशारी येते.

गळा आणि पियानो एवढ्यावरच गाण्याचा हा प्रकार बेनेट-एव्हान्स यांनीच सुरू केला असे मात्र नाही. १९५० साली एला फिट्झजेराल्ड आणि पियानोवादक एलिस लार्किन्स यांनी जॉर्ज गर्शविन यांची आठ गाणी अशीच दोघांत केली होती. लार्किन्स यांच्याइतकी नम्र आणि नेमकी साथ मी फार थोडी ऐकली आहे. तिच्या गळ्याला ते कुठेही हात लावत नाहीत आणि कुठेही सोडत नाहीत. पुढे जीन ली आणि रॅन ब्लेक या तरुण जोडीने १९६१च्या अखेरीस अगदी निराळी वाट धरली. तिथे पियानो गायिकेला आधार देण्याऐवजी मुद्दाम कोड्यात टाकतो. दोन्ही तबकड्या ऐकण्यासारख्या आहेत, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याने एला-लार्किन्स घ्यावी.

जॅझ महाराष्ट्राला तसा नवा नाही. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन पियानोवादक वाजवत होता, आणि गोव्याहून आलेले वादक त्या संगीतात तयार होत होते. त्यांपैकी अंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना लोक चिक चॉकलेट म्हणत, ते ट्रम्पेट घेऊन चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आले. त्यांची गाठ पडली आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांशी. १९५१च्या 'अलबेला'तली गाणी आठवावीत. आपल्या आजोबांनी तंबूत बसून शिट्ट्या मारल्या त्या चालींत जॅझ होता. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक आपला ताफा घेऊन मुंबईत आले, १९७८पासून तिथे जॅझ यात्रा भरू लागली. पण हे सगळे शहरात घडले आणि बहुतेक मोठ्या आवाजात घडले. दोघांनी मिळून हळू आवाजात करायचे जॅझ आपल्या बाजूला फारसे पोचले नाही. वास्तविक आपल्या गाण्याला जवळचे तेच होते.

१९७६च्या सप्टेंबरात बेनेट आणि एव्हान्स पुन्हा एकत्र आले. 'टुगेदर अगेन' ही दुसरी तबकडी पुढच्या वर्षी बेनेट यांच्या स्वतःच्या छोट्या कंपनीने काढली. ती पहिलीइतकी घट्ट नाही असे मला वाटते, जरी काही जाणकार उलट मानतात. त्यानंतर दोघांचे एकत्र ध्वनिमुद्रण झाले नाही. १५ सप्टेंबर १९८० रोजी एव्हान्स गेले, ५१ वर्षांचे. बेनेट यांना ९६ वर्षांचे आयुष्य लाभले. स्मृतिभ्रंशाने ग्रासल्यावरही, २०२१च्या ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी सभागृहात ते गायले. २१ जुलै २०२३ रोजी ते वारले.

ऐकण्याविषयी दोन शब्द. हे गाणे स्पीकरच्या भिंतीवर लावायचे नाही. दोन-तीन जण मिळून, दार लोटून, एकेक गाणे दोनदा ऐकावे. पहिल्यांदा गायकाकडे लक्ष द्यावे, शब्द कळले नाहीत तरी चालेल. दुसऱ्यांदा गायक नाहीच असे समजून फक्त पियानो ऐकावा. घरात पेटी असेल तर चालीतला एखादा लांब सूर तिच्यावर धरून ठेवावा आणि त्याखाली पियानो काय काय बदलतो ते पाहावे. आपल्या पेटीवाल्यांना यातून काही उचलावेसे वाटले तर अवश्य उचलावे. फडात आता ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आले आहेत. त्या कीबोर्डवर ऑर्गनपासून बासरीपर्यंत दोनशे आवाज असतात, आणि पियानोचा आवाज त्यांत पहिल्या बटणावर असतो.

शेवटी एक विनंती. या दोन तालुक्यांतल्या फडांत, बाऱ्यांत आणि भजनी मंडळांत ज्यांनी पेटीची साथ केली त्यांची नावे, गाव, कोणाच्या फडात किती वर्षे, कोणाकडे शिकले, कोणती पट्टी कोणत्या गायिकेसाठी धरत, एवढे ज्याला ठाऊक असेल त्याने ते वहीत लिहून ठेवावे. जुने पेटीमास्तर अजून आहेत. नारायणगावात, ओतूरला, मंचरला, घोडेगावला ते भेटतात, विचारले तर बोलतात, आणि गायिकांच्या आठवणी सांगताना स्वतःचे नाव सांगायचे विसरतात. म्हणून विचारणाऱ्याने ते आधी विचारून घ्यावे.